दैनिक चिंतन : नवी गाडी पडली तेव्हा (गीता २.६२-६३)



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ६२ आणि ६३ या दोन श्लोकांवर आहे. शाळेत पाठांतर स्पर्धेसाठी मी हे श्लोक पाठ केले होते, एका दमात म्हणून दाखवायचो. अर्थ मात्र गेल्या दसऱ्याला कळला. तोही कुठल्या प्रवचनात नाही, तर आमच्या गावच्या घरासमोर, चिखलात आडव्या पडलेल्या माझ्या नव्याकोऱ्या गाडीजवळ.

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. गाडी पडली हे सांगायला लाज वाटत नाही, ती कुणाचीही पडते. लाज वाटते ती त्यानंतरच्या दोन मिनिटांची. पण रोज तुम्हाला "मनाकडे बघा" म्हणून सांगायचं आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवायचं, हे बरोबर नाही. म्हणून लिहितो.

काय झालं?

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. नोकरी नागपूरला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली. वजन १९५ किलो. दसऱ्याच्या सकाळी नागपूरहून निघालो. मौदा, भंडारा, वरठी करत मोहाडीला आलो. चौंडेश्वरी मातेचं दर्शन घेतलं, गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवला आणि गावी पोचलो. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं होतं. मन एकदम भरून आलं होतं. आता वाटतं, भक्तीनं भरलं होतं की गाडीनं, ते तेव्हा कुणी विचारायला हवं होतं.

आदल्या दोन दिवसांत आमच्याकडे पाऊस झाला होता. घरासमोर सिमेंटचा रस्ता आहे. रस्ता आणि आमचं कुंपण यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा आहे. गाडी सरळ अंगणात लावता आली असती, अंगण टणक आहे. पण संध्याकाळचं ऊन त्या मातीच्या पट्ट्यावर छान पडलं होतं आणि मला फोटो काढायचा होता. स्टेटसला टाकायला.

साइड स्टँड लावलं, उतरलो, हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि मागे सरकत सरकत रस्ता ओलांडून गेलो. दोन फोटो काढले. तिसरा काढला आणि मान खाली घालून तो बघत होतो, तेवढ्यात "धप्प" असा आवाज झाला.

गाडी डाव्या अंगावर आडवी. हेल्मेट नालीत. आरसा फुटलेला. आणि गाडीपासून हातभर अंतरावर आमच्या शेजारच्या गल्लीतला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा उभा.

मी धावत गेलो आणि त्याचा दंड धरला. "हात कशाला लावलास गाडीला?"

तो म्हणाला, "मी हात नाही लावलो जी."

आमच्याकडे लहान पोरंसुद्धा मोठ्यांना "जी" लावून बोलतात. त्या "जी"नं तरी मी थांबायला हवं होतं. नाही थांबलो. मी पुढे जे बोललो ते इथे तसंच लिहितो, कारण सौम्य करून लिहिलं तर हे चिंतन खोटं होईल. मी म्हणालो, "किमती माहीत आहे का हिची? तुझा बाप भरून देणार आहे का?"

त्याचे वडील मजुरीला जातात. हे मला माहीत होतं.

तो काही बोलला नाही. दंड सोडवून घेतला आणि पळून गेला. तो उभा होता तिथे आपट्याची पाच-सहा पानं पडली होती. तो आमच्याकडे सोनं द्यायला आला होता.

बाबांनी विचारलेला पहिला प्रश्न

आवाज ऐकून बाबा बाहेर आले. त्यांनी आधी गाडीकडे बघितलंच नाही. म्हणाले, "पोट्ट्याले लागलं का?"

मी म्हणालो, "त्यानंच पाडली."

बाबा पुन्हा म्हणाले, "ते मंग पाहू. लागलं का त्याले?"

मला माहीत नव्हतं. १९५ किलोचं धूड एका लेकराच्या पायाशी पडलं होतं आणि त्याला लागलं का, हे मी बघितलंच नव्हतं. क्लचचा लिव्हर वाकला हे मला दिसलं होतं. टाकीवर ओरखडा आला हेही दिसलं होतं. चार फुटांवरून, पळता पळता.

बाबा उकिडवे बसले आणि स्टँड जिथे टेकलं होतं तिथल्या भोकात बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं. म्हणाले, "कन्हार हाय हे, बापू. दोन दिवसांचं पानी पेलं हाय तिनं. इथं स्टँड टिकते का?"

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. आमच्या भागात मातीला नावं आहेत: सिहार, मोरांड, कन्हार, बरड. कन्हार म्हणजे काळी, भारी, चिकण माती. वाळली की दगड, भिजली की लोणी. धान लावणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या त्याच्या मुलाला मात्र सांगावं लागलं.

खरं तर हे पुस्तकातलंच गणित आहे. स्टँडवर उभी गाडी तीन बिंदूंवर तोललेली असते: दोन चाकं आणि स्टँडचं टोक. चाकं रुंद, स्टँडचं टोक मात्र दोन-तीन बोटांएवढं. त्या छोट्याशा टोकाखाली माती मऊ असली की ते थोडं रुततं. रुतलं की गाडी डावीकडे थोडी जास्त झुकते. जास्त झुकली की स्टँडवर जास्त भार येतो. जास्त भार आला की ते अजून रुततं. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला जोर देते. सुरुवातीला हे इतकं हळू चालतं की डोळ्याला दिसत नाही. शेवटचा क्षण तेवढा दिसतो, आणि कानाला ऐकू येतो. आणि त्या क्षणी जो कुणी जवळ उभा असेल, त्यानं पाडली असं वाटतं.

मग आम्ही गाडी उचलली. मी हँडल धरून कमरेतून ओढायला लागलो. बाबांनी उभ्या आयुष्यात धानाची पोती उचलली आहेत. ते म्हणाले, "कमरेनं नोको उचलू. खाली बस आधी. गुडघ्यानं उचल." मी खाली बसलो, पाठ ताठ ठेवली, पायांवर जोर घेतला. ते पलीकडे उभे राहिले, म्हणजे गाडी सरळ होता होता दुसऱ्या बाजूला जाऊ नये. उचलली गेली. बाबांनी कुंपणाजवळची एक तुटकी फरशी आणून स्टँडखाली ठेवली आणि आत गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

लॉग वाचताना

रात्री जेवण गेलं नाही. मोबाइल काढून ते तीन फोटो बघितले.

आमच्या कामात एक पद्धत आहे. सर्व्हर पडला की पहिल्यांदा लॉग वाचायचा. नवखा मुलगा शेवटची ओळ बघतो, जिथे लाल अक्षरांत एरर असते. अनुभवी माणूस वर वर जात राहतो, कारण बिघाड शेवटच्या ओळीत नसतो, तो कधीकधी तासभर आधी सुरू झालेला असतो. आणि अशा बैठकीत "कुणी केलं?" हा प्रश्न पहिला विचारायचा नाही, "कसं झालं?" हा विचारायचा. मी स्वतः नव्या मुलांना हे शिकवतो.

माझा लॉग माझ्या हातात होता. पहिल्या फोटोत गाडी नीट उभी. दुसऱ्या फोटोत ती मागच्या कुंपणाच्या खांबाच्या मानाने थोडी झुकलेली. तिसऱ्या फोटोत चांगलीच झुकलेली, आणि फोटोच्या कडेला तो मुलगा, नुकताच येऊन उभा राहिलेला. दोन्ही हातांत आपट्याची पानं, छातीशी धरलेली. एकही हात गाडीवर नाही. तो आरशात वाकून बघत होता, एवढंच.

मी त्याच्यावर ओरडत होतो तेव्हा पुरावा माझ्याच मुठीत होता.

आता श्लोकांकडे येऊ

अर्जुनानं विचारलं होतं की ज्याची बुद्धी स्थिर आहे तो माणूस कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो. किती साधा प्रश्न आहे बघा. तो काय मानतो असं विचारलेलं नाही. बोलतो कसा, हे विचारलं आहे. त्या प्रश्नापासून अध्यायाच्या शेवटापर्यंतचे १९ श्लोक म्हणजे स्थितप्रज्ञाची लक्षणं. गांधीजींच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेत हे रोज म्हटले जात. विनोबांनी १९४४ साली तुरुंगात असताना फक्त याच श्लोकांवर व्याख्यानं दिली, "स्थितप्रज्ञ-दर्शन" या नावानं ती पुस्तकरूपात आहेत. तो तुरुंग सिवनीचा, म्हणजे आमच्या भागातून उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला. आमच्या घरी बाबा रोज संध्याकाळी गीताई वाचतात. म्हणजे हे श्लोक मी लहानपणापासून आठवड्यातून दोनदा तरी ऐकत आलोय.

या १९ श्लोकांच्या मधोमध भगवंत उलटी बाजू सांगतात: बुद्धी स्थिर कशी होते याऐवजी ती ढासळते कशी. आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाचं ध्यान. त्यातून संग, म्हणजे चिकटणं. संगातून काम, म्हणजे हवंच आहे ही ओढ. कामातून क्रोध. क्रोधातून संमोह, म्हणजे समोरचं नीट न दिसणं. संमोहातून स्मृतिभ्रंश. त्यातून बुद्धिनाश. आणि मग सर्वनाश.

मी नेहमी समजत होतो की हे श्लोक रागावर आहेत. राग आवरा, असं काहीतरी. त्या रात्री लक्षात आलं की राग इथे चौथ्या पायरीवर आहे. म्हणजे राग दिसला तेव्हा अर्धा जिना उतरून झालेला असतो.

माझी पहिली पायरी कुठली? आठ महिने आधीची. आठ महिने मी रोज रात्री झोपण्यापूर्वी या गाडीचे व्हिडिओ बघत होतो. हप्त्याचा हिशोब दहा वेळा केला. हिरवा रंग की काळा. माळ हातात असायची, ओठ हलायचे आणि मनात टाकीचा रंग. खरं सांगतो, माझ्या जपापेक्षा ते चिंतन जास्त एकाग्र होतं.

आणि श्लोकातली गंमत बघा. विषयांचा विचार करण्यासाठी तिथे जो धातू वापरला आहे, तो ध्यानाचाच आहे. आपण देवासमोर बसून जे करायला धडपडतो, ते आपल्याला येत नाही असं मुळीच नाही. उत्तम येतं. फक्त मूर्ती दुसरी असते. ज्ञानेश्वर महाराजांनीही या ठिकाणी असं म्हटलं आहे की मनात विषयांची आठवण उरली, तर निःसंग माणसालासुद्धा संग जडतो. म्हणजे गाडी घरात येण्यापूर्वीच मी तिचा झालो होतो. ती माझी नंतर झाली.

मग संग, मग काम. कन्हारातल्या स्टँडसारखंच. थोडं रुतलं, थोडं झुकलं, झुकल्यामुळे अजून रुतलं. बाहेरून मी अगदी सरळ उभा दिसत होतो. रोज हे चिंतन लिहीत होतो! आणि शेवटी "धप्प" झालं तेव्हा जो जवळ होता त्याला मी धरलं.

संमोह म्हणजे काय, तेही कळलं. मुलाच्या हातातली पानं मला दिसली नाहीत. माझा मोबाइल मला दिसला नाही. स्टँडचं भोक दिसलं नाही. डोळे उघडे होते.

स्मृतिभ्रंश

या शब्दावर मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते हाच या जिन्याचा मधला दगड आहे.

मी सातवीत होतो तेव्हा आमच्या गुरुजींकडे एम-एटी होती. शाळेच्या आवारात उभी असायची. एक दिवस मधल्या सुट्टीत मी तिच्यावर चढून बसलो आणि स्टँडवरून काढायला गेलो. गाडी पडली, मी तिच्याखाली. गुरुजी धावत आले. त्यांनी गाडी बाजूला केली, माझा गुडघा बघितला, आपल्या हातरुमालानं बांधला आणि विचारलं, "अजून कुठे लागलं का रे?" गाडीकडे त्यांनी त्यानंतर बघितलं. तिचा दिवा फुटला होता. त्याबद्दल त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही, घरीही सांगितलं नाही.

आणि त्या दिवशी गाडी मी खरंच पाडली होती.

हे मला दसऱ्याच्या संध्याकाळी आठवायला हवं होतं. आठवलं असतं तर माझ्या तोंडून तेच निघालं असतं: "लागलं का रे?" भगवंतांना हीच स्मृती अपेक्षित असावी, असं मला वाटतं. श्लोक पाठ असणं ही स्मृती नव्हे, ते मला पाठच होते. आपल्याशी कुणीतरी कधीतरी चांगलं वागलं होतं आणि म्हणून आपण इथवर आलो, हे ऐन वेळेला आठवणं ही स्मृती. ती गेली की बुद्धी जायला वेळ लागत नाही. मग माणूस एका लेकराला त्याच्या बापाची मजुरी काढून दाखवतो.

मग गाडी घ्यायचीच नाही का?

हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतील. दर वेळी विचारता! उत्तर पुढच्याच श्लोकात आहे, ६४व्या. तिथे भगवंत विषय सोडून पळा असं म्हणत नाहीत. राग आणि द्वेष यांच्या पकडीतून सुटलेल्या इंद्रियांनी, मन ताब्यात ठेवून, जो विषयांमध्येच वावरतो, त्याला "प्रसाद" मिळतो असं म्हणतात. प्रसाद म्हणजे मनाची निर्मळ प्रसन्नता. वावरायचं आहे. दुकानात जायचं आहे, गाडी घ्यायची आहे, चालवायची आहे, पुसायची आहे. नीट लावायचीही आहे! पडली तर काय एवढं, सगळं मिथ्या आहे, म्हणून ती कुठेही उभी करणं हे वैराग्य नाही. तो निष्काळजीपणा आहे. कन्हारात स्टँड लावणं हासुद्धा निष्काळजीपणाच होता आणि तो माझा होता.

वाईटही वाटणारच. कष्टाच्या पैशाची वस्तू आहे, ओरखडा आला की पोटात कालवतं. त्यात पाप काही नाही. कालवलेलं पोट आणि सुटलेली जीभ यांच्यामध्ये एक क्षण असतो. साधना त्या क्षणासाठी आहे. मात्र तो क्षण आपल्याला मिळेल की नाही, हे आधीच्या आठ महिन्यांवर ठरतं. जमीन आधीच भिजून बसली असेल, तर ऐन वेळी स्टँड काय करणार?

आणि जमीन टणक कशानं होते? रोजच्या त्या वीस मिनिटांनी. संध्याकाळी माळ घेतो तेव्हा मन खरंच कुठे आहे, हे प्रामाणिकपणे बघण्यानं. बाबांनी स्टँडखाली ठेवलेली फरशी तुम्हाला आठवते ना? नाम म्हणजे ती फरशी आहे. भार तोच, माती तीच. पण टोकाखाली रुंद आधार आला की रुतणं थांबतं. फक्त एक गोष्ट आहे. फरशी आधी ठेवावी लागते. गाडी पडल्यावर ठेवली तर ती पुढच्या वेळेसाठी असते.

दुसऱ्या दिवशी

सकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. आपट्याची पानं घेऊन, एक दिवस उशिरा. त्याच्या आईनं चहा टाकला. तो दाराआड होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या डाव्या नडगीवर हळद लावलेली दिसली. मी विचारलं, हे काय? आई म्हणाली, "खेळता खेळता लागलं असन जी. तो त काही सांगतच नाही."

त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटतं, सांगितलं असतं तर गाडीची किंमतही सांगावी लागली असती.

मी त्याच्या आईला सगळं सांगितलं. मी काय बोललो तेही. हे सगळ्यात अवघड होतं. मग त्याच्यासमोर खाली बसलो, कारण उभं राहून ते बोलता येईना. म्हणालो, "तू पाडली नव्हतीस. माझ्याच चुकीनं पडली. मी खोटा आळ घेतला. माझं चुकलं." मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यानं फोटो नीट बघितला आणि मग पानं घेतली. बाकी काही बोलला नाही. आई म्हणाली, "जाऊ द्या जी, लेकरू हाय, इसरून जाईल."

नागपूरला परत आल्यावर त्याच आठवड्यात लिव्हर बदलला, आरसा नवीन बसवला. आता नीट बघितल्याशिवाय गाडी पडली होती हे कुणाला कळत नाही.

दिवाळीला पुन्हा गावी गेलो. गाडी अंगणात लावली, स्टँडखाली फरशी. पाच-सहा पोरं भोवती जमली. कुणी हॉर्न वाजवतंय, कुणी सीटवर चढतंय. तोही आला होता. मी म्हणालो, "बस ना, चल, चक्कर मारून आणतो." तो हसला, पण जवळ आला नाही. दोन हात लांब उभा राहून आरशात बघत होता. दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट धरलेले.

मंडळी, माझ्या गाडीचा ओरखडा हा आहे. बाकीचे सगळे दुरुस्त झाले.

तो सीटवर बसेल तेव्हा बसेल. त्याच्यावर घाई नाही, आणि त्याच्यावर ते बंधनही नाही. माझ्या हातात एवढंच आहे की दर वेळी गेलो की त्याला हाक मारायची आणि तो लांब उभा राहिला तर राहू द्यायचं. माफी मागितली म्हणजे समोरच्यानं लगेच विसरावं, ही अपेक्षाही एक प्रकारचा कामच आहे, आणि कामाच्या पुढची पायरी कोणती ते आपण वर बघितलंच.

आजचा अभ्यास

आज दिवसभरात काहीतरी पडेल. कप पडेल, मोबाइल पडेल, कुणाच्या तरी हातून तुमच्या लॅपटॉपवर पाणी सांडेल. ऑफिसमध्ये एखादं काम कोसळेल. तेव्हा दुसरं काही बोलण्यापूर्वी फक्त एक प्रश्न विचारायचा: "लागलं का?" समोरच्याला विचारायचा. "कुणी केलं?" हा प्रश्न त्यानंतर, आणि बऱ्याचदा तो विचारायची गरजच उरत नाही.

आणि रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं आजचा लॉग वाचायचा. शेवटची लाल ओळ नको, वर वर जा. आज सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात एकाग्रतेनं मी कशाचं ध्यान केलं? उत्तर कुणाला सांगायचं नाही. पांडुरंगाला माहीतच आहे, आपल्याला कळावं म्हणून.

उद्या ६४वा श्लोक सविस्तर बघू. तोवर गाडी टणक जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि माती ओली असेल तर स्टँडखाली आधी काहीतरी रुंद ठेवा.

राम कृष्ण हरी!